संत इग्नेशिअस लोयोला आणि पापशंकेचा आजार

जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पिंपरीहून पुण्याकडे निघाले की दापोडीनंतर खडकी लागते. खडकीचे चर्च संत इग्नेशिअस लोयोला यांना समर्पित आहे. पुण्यातील पाषाणच्या प्रसिद्ध शाळेला त्यांच्याच जन्मस्थानाचे नाव दिलेले आहे. दर वर्षी ३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा त्यांचा सण साजरा करते. येशूसंघाचे संस्थापक, 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाचे कर्ते, संत फ्रान्सिस झेवियर यांना भारतात पाठविणारे द्रष्टे पुरुष, एवढी त्यांची ओळख पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील बहुतेक भाविकांना असते.

परंतु त्यांच्या चरित्रातील एक प्रकरण प्रवचनांतून क्वचितच ऐकू येते. वयाच्या एकतिसाव्या वर्षी हे संत अनेक महिने अशा एका मानसिक यातनेत सापडले होते की, ती त्यांच्या जिवावर बेतली. पाप क्षमा झाले आहे यावर त्यांचे मन विश्वास ठेवीना. कितीही वेळा पापनिवेदन केले तरी शंका शिल्लक राही. त्यांनी स्वतः सांगून ठेवलेली ही हकिकत आजच्या मनोविकारतज्ज्ञाने वाचली, तर त्याला 'ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर', म्हणजेच ओसीडी या आजाराची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. मराठीत या आजाराला मंत्रचळ किंवा मंत्रचळेपणा म्हणतात. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान आज कोणालाही खात्रीने करता येणार नाही, हे खरे. तरीही इग्नेशिअस कसे अडकले आणि कसे सुटले, हे समजून घेतले तर आपल्या घरातील, आपल्या धर्मग्रामातील एखाद्या मूक पीडिताचे दुःख आपल्याला कळू शकेल. म्हणून त्यांचे चरित्र आज या बाजूने पाहू या.

शिपाईगिरीची वर्षे

इग्नेशिअस यांचा जन्म १४९१ साली उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशात, अझपेतिया गावाजवळच्या लोयोला गढीत झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांचे नाव इनिगो ठेवण्यात आले. तेरा भावंडांतील ते सर्वांत धाकटे, असे परंपरेने सांगितले जाते. आईचे छत्र लवकर हरपले. गावातील एका लोहाराच्या पत्नीने त्यांना आपले दूध पाजून वाढविले. किशोरवयात त्यांना कॅस्टिलच्या राजाच्या खजिनदाराकडे अरेवालो येथे पाठविण्यात आले. दरबारी रीतिरिवाज, तलवारबाजी, वीरकथांचे वाचन आणि मानमरातबाची हाव यांत त्यांचे तारुण्य गेले. हे त्यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केले आहे.

२० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या किल्ल्याचे रक्षण करताना फ्रेंच सैन्याचा एक तोफगोळा त्यांच्या पायांवर आदळला. उजवा पाय मोडला, डावाही जखमी झाला. हाड नीट न बसल्यामुळे ते पुन्हा मोडून बसवावे लागले. तरीही हाडाचा एक तुकडा गुडघ्याखाली वर आलेला राहिला. दरबारी बूट घालता यावेत म्हणून त्यांनी तो तुकडा करवतीने कापून घेतला. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. ते मरणाच्या दारी जाऊन परत आले, आणि जन्मभर किंचित लंगडत चालले.

लोयोलाच्या गढीत अंथरुणाला खिळलेले असताना त्यांना वीरकथा वाचायच्या होत्या; परंतु घरात ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे एवढीच पुस्तके सापडली. ती वाचताना त्यांना आपल्या मनातील एक गोष्ट जाणवली. दरबारातील पराक्रमाची स्वप्ने रंगविताना सुख वाटे, पण ती संपली की मन कोरडे पडे. संतांप्रमाणे जगण्याचे विचार मात्र ओसरल्यावरही मागे शांती ठेवून जात. विचार कोठून येतो आणि कोठे नेतो, हे पाहण्याची त्यांची सवय येथे सुरू झाली. पुढे हीच सवय त्यांचे प्राण वाचविणार होती.

मॅनरेसातील अंधार

१५२२ च्या वसंतात ते मॉन्सेरात येथील मठात आले. संपूर्ण आयुष्याचे पापनिवेदन त्यांनी लिहून काढले आणि तीन दिवस घेऊन ते पूर्ण केले. २४ मार्चच्या रात्री पवित्र मरियेच्या वेदीपुढे जागरण करून त्यांनी तलवार तेथेच सोडली, भरजरी वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली आणि गोणपाटाचा अंगरखा चढविला. काही दिवसांसाठी म्हणून ते जवळच्या मॅनरेसा गावी गेले. प्रत्यक्षात तेथे त्यांचा मुक्काम सुमारे अकरा महिने पडला.

मॅनरेसात ते भिक्षा मागून जगत. मांस आणि मद्य त्यांनी वर्ज्य केले. एकेकाळी केसांची निगा राखण्याची हौस होती, म्हणून आता केस आणि नखेही वाढू दिली. रोज सात तास ते गुडघे टेकून प्रार्थना करीत, मध्यरात्रीही उठत. पहिले काही महिने मनाला स्थिर आनंद होता. मग चित्र पालटले.

मॉन्सेरातचे पापनिवेदन काळजीपूर्वक, लेखी झाले होते. तरीही काहीतरी सांगायचे राहून गेले, अशी शंका त्यांना येऊ लागली. त्यांनी पुन्हा निवेदन केले. समाधान झाले नाही. आणखी केले, तरी नाही. तेथील कॅथेड्रलमध्ये प्रवचने देणाऱ्या एका विद्वान, सत्शील धर्मगुरूंनी त्यांना आठवेल ते सारे लिहून काढण्याचा सल्ला दिला. सल्ला सद्भावनेचा होता, परंतु परिणाम उलटा झाला. लिहून झाल्यावर शंका परतल्या, आणि दर वेळी त्या अधिकाधिक बारीक होत गेल्या. मोठी पापे सांगून झाली, तर लहान गोष्टी मोठ्या दिसू लागल्या.

या अवस्थेला ख्रिस्तसभेच्या परंपरेत 'स्क्रुपल्स' असे नाव आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहानसा टोकदार खडा. चपलेत शिरलेला खडा पाऊल टाकले की टोचतो. चालणारा थांबतो, चप्पल झटकतो, दोन पावले जातो आणि पुन्हा टोचते. मराठीत आपण तिला पापशंका म्हणू.

इग्नेशिअस यांना मनोमन वाटे की, निवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी येशूच्या नावाने आपल्याला मागची पापे पुन्हा सांगण्यास मनाई केली, तर आपण सुटू. पण हे सुचविण्याचे धैर्य होईना. अखेर त्या धर्मगुरूंनी आपणहून तशी आज्ञा दिली. मात्र एक सवलत ठेवली. एखादी गोष्ट अगदी स्पष्ट असेल तर ती सांगावी. त्या सवलतीनेच आज्ञा निष्फळ ठरली, कारण त्यांच्या पीडित मनाला प्रत्येक गोष्ट अगदी स्पष्ट वाटत होती.

डॉमिनिकन मठात मिळालेल्या एका लहानशा खोलीत ते देवाचा धावा करीत. कोठेही उपाय मिळत असेल तर एखाद्या कुत्र्याच्या पिल्लाच्या मागेही आपण जाऊ, अशी आर्त विनवणी त्यांनी केली. त्या खोलीत प्रार्थनेच्या जागेजवळ एक मोठा खड्डा होता. त्यात स्वतःला झोकून द्यावे, अशी तीव्र ऊर्मी त्यांना वारंवार येऊ लागली. आत्मघात हे पाप आहे, हे ठाऊक असल्यामुळे ते पुन्हा पुन्हा देवाला हाक मारून स्वतःला आवरीत. नंतर, एका संताने उपवास करून देवाकडून हवे ते मिळविले होते हे आठवून, त्यांनी एका रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत अन्नाचा कण घेतला नाही. धर्मगुरूंना हे कळताच त्यांनी उपवास सोडण्याची आज्ञा केली. इग्नेशिअस यांनी ती पाळली. दोन दिवस मन मोकळे राहिले. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेत एका पापाच्या आठवणीतून दुसरी आठवण निघत गेली आणि सारी माळ पुन्हा सुरू झाली.

हा आजार आहे तरी काय?

येथे थोडे थांबून आजचे वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहू. ओसीडीची दोन अंगे आहेत. पहिले अंग म्हणजे इच्छा नसताना मनात घुसणारा, भीती निर्माण करणारा विचार. दुसरे अंग म्हणजे ती भीती शमविण्यासाठी पुन्हा पुन्हा केली जाणारी कृती. हात घाणेरडे झाले, हा विचार. हात धूत राहणे, ही कृती. गॅस उघडा राहिला, हा विचार; दहा वेळा जाऊन बटण पाहणे, ही कृती. कृती केली की क्षणभर हायसे वाटते. त्या हायसे वाटण्यामुळेच मेंदू शिकतो की धोका खरा होता, आणि पुढच्या वेळी विचार अधिक जोराने येतो. हे चक्र हाच आजार होय.

आपल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे लगेच समजेल. तयार झालेला भाग गेजने एकदा मोजला जातो, बरोबर ठरला की त्यावर शिक्का बसतो आणि तो पुढे जातो. ओसीडीच्या रुग्णाकडे गेज आहे, पण शिक्का नाही. तोच भाग तो शंभर वेळा मोजतो आणि दर वेळी त्याचा हात तसाच थरथरतो.

या आजाराची रूपे अनेक आहेत. कोणाला घाणीची भीती, कोणाला कुलुपाची शंका, कोणाला वस्तू तंतोतंत सरळ रेषेत हव्यात. काहींना आपल्या लाडक्या बाळाला इजा करण्याचे किंवा लज्जास्पद असे विचार येतात, आणि ते विचार नकोसे असल्यामुळेच ते होरपळतात. श्रद्धावंताच्या मनात आजार शिरला की तो श्रद्धेची भाषा बोलतो. जपमाळेचा एक मणी लक्षपूर्वक म्हटला गेला नाही म्हणून सारे रहस्य पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मिस्सामध्ये अभिषेकाच्या क्षणी एखादे निंद्य चित्र डोळ्यांपुढे येते आणि ती व्यक्ती ख्रिस्तप्रसाद घेणेच सोडून देते. एकाच पापासाठी एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये, एका फादरांकडून दुसऱ्या फादरांकडे फेऱ्या सुरू होतात. घरच्यांना वाटते, किती भक्तिभाव आहे! आत मात्र भीतीखेरीज काही नसते.

जगभरातील पाहण्यांनुसार शंभरातील एक ते तीन व्यक्तींना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार होतो. बहुधा तो किशोरवयात किंवा विशीच्या सुरुवातीला डोके वर काढतो. त्याचे एकच असे कारण नाही. तो काही अंशी आनुवंशिक आहे. मेंदूचा पुढचा, डोळ्यांवरचा भाग आणि मेंदूच्या खोल भागातील केंद्रे यांना जोडणाऱ्या मंडलांत बिघाड आढळतो. काहीतरी चुकले आहे, असा इशारा देणारी घंटा काम झाल्यावरही वाजतच राहते, असे म्हणता येईल. सिरोटोनिन या रसायनाचे कार्यही यात गुंतलेले असावे, कारण त्यावर काम करणारी औषधे गुण देतात. बाळंतपण, नोकरीतील ताण, आजारपण, अपुरी झोप अशा प्रसंगांनी आजार उफाळू शकतो. मॅनरेसातील इग्नेशिअस यांच्या वाट्याला भूक, जागरण आणि एकाकीपण ही तिन्ही आली होती, हे ध्यानात घ्यावे. आईवडिलांचे संस्कार कमी पडले, श्रद्धा दुबळी झाली किंवा बाहेरची बाधा झाली, यांपैकी काहीही या आजाराचे कारण नाही.

निदान कसे होते?

ओसीडीसाठी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. मनोविकारतज्ज्ञ रुग्णाशी सविस्तर बोलून निदान करतात. हे विचार आणि कृती दिवसाचा तासाहून अधिक वेळ खातात का, त्यांमुळे मोठा क्लेश होतो का, नोकरी, अभ्यास, संसार यांत अडथळा येतो का, हे ते विचारतात. आजाराची तीव्रता मोजण्यासाठी १९८९ साली प्रसिद्ध झालेली, दहा प्रश्नांची येल-ब्राउन मोजपट्टी जगभर वापरली जाते. बहुतेक रुग्णांना आपली भीती अवास्तव आहे हे कळत असते. कळूनही थांबता येत नाही, हेच त्यांचे दुःख. लाजेपोटी ते वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत.

मग हळवा सदसद्विवेक आणि पापशंकेचा आजार यांत फरक कसा करावा? हळव्या सदसद्विवेकाचा माणूस पाप ओळखतो, प्रायश्चित्त संस्कार घेतो आणि शांतीने घरी जातो. पीडित माणूस संस्कार घेतो आणि चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत पुन्हा शंकेत पडतो. ख्रिस्तसभेची शिकवण येथे अगदी स्पष्ट आहे. गंभीर पापासाठी विषय गंभीर असावा लागतो, पूर्ण जाणीव लागते आणि मनापासून दिलेली संमती लागते. नको असताना मनात घुसलेल्या विचाराला संमतीच नसते. ज्या विचाराने माणूस घाबरून थरथरतो, तो त्याने निवडलेला नसतो.

सुटकेचा क्षण

इग्नेशिअस यांच्याकडे परत येऊ. त्या तिसऱ्या दिवशी, पापांची माळ पुन्हा फिरू लागली असताना, त्यांना या साऱ्या जीवनक्रमाचाच उबग आला आणि तो सोडून द्यावा असे वाटू लागले. त्याच क्षणी ते जणू स्वप्नातून जागे झाले. लोयोलाच्या अंथरुणावर जे शिकले होते, ते येथे कामी आले. हा विचार कोठून आला, कोणत्या वाटेने आला आणि मला कोठे नेत आहे, असे त्यांनी पाहिले. जो विचार मला देवापासून दूर, निराशेकडे नेतो, तो कितीही पवित्र भाषेत बोलला तरी देवाकडून आलेला असू शकत नाही, हे त्यांना उमगले. मागच्या पापांपैकी काहीही यापुढे निवेदन करायचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. या वेळी त्यांनी कोणतीही सवलत ठेवली नाही. त्या दिवसापासून आपण त्या शंकांतून मोकळे झालो, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.

या निश्चयात बारकाईने पाहावे असे काही आहे. पापे आणखी काटेकोरपणे आठवून, आणखी लिहून, आणखी उपास करून ते सुटले नाहीत. ज्या कृतीने भीती तात्पुरती शमत होती, ती कृतीच त्यांनी थांबविली. शंका येवो, तिला उत्तर द्यायचे नाही. पुढे त्यांनी केस आणि नखे कापली, मांस खाऊ लागले, देहाचा छळ आवरता घेतला. त्याच मॅनरेसात, कार्दोनेर नदीच्या काठी, त्यांना तो महान आध्यात्मिक प्रकाश लाभला, ज्याला ते आयुष्यातील सर्वांत मोठी देणगी मानीत.

आजचे उपचार

१९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी ओसीडीच्या रुग्णांवर एका नव्या पद्धतीने केलेल्या उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तोवर हा आजार जवळजवळ असाध्य समजला जाई. रुग्णाने भीतीच्या प्रसंगाला थोडे थोडे सामोरे जायचे आणि भीती शमविणारी कृती करायची नाही, असे या पद्धतीचे सूत्र आहे. तिला 'एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन' म्हणतात. भीती चढते, काही काळ टिकते आणि कृती न करताही हळूहळू उतरते. हा अनुभव अनेकदा घेतला की मेंदू नवा धडा शिकतो. पापशंकेच्या रुग्णाला उपचारक पाप करायला लावत नाहीत. जपमाळ एकदाच म्हणा आणि ती सदोष वाटली तरी ठेवून द्या. पापनिवेदन ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेत, एकदाच करा. क्षमा झाली का, हे घरच्यांना विचारू नका, असे अभ्यास ते देतात.

सोबत औषधेही दिली जातात. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन, एस्सिटालोप्राम ही त्यांतील नेहमीची होत; क्लोमिप्रामिन हे जुने औषधही गुणकारी आहे. ओसीडीमध्ये नैराश्यापेक्षा बहुधा अधिक मात्रा लागते आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. त्यामुळे पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून औषध सोडणे ही मोठी चूक ठरते. ही औषधे झोपेच्या गोळ्यांसारखी नशेची सवय लावणारी नाहीत. पण डॉक्टरांना न विचारता ती एकाएकी बंदही करू नयेत. बहुसंख्य रुग्णांना या उपचारांनी चांगला उतार पडतो, जरी काहींना पुढेही सावध राहावे लागते.

इग्नेशिअस एका निश्चयाने सुटले, तसे प्रत्येकाने सुटावे अशी अपेक्षा मात्र कोणी करू नये. मन घट्ट कर, असे रुग्णाला सांगणे म्हणजे मोडलेल्या पायाने धावायला सांगणे होय. त्यांचा पायही वैद्यांनीच बसविला होता.

पॅरिस, रोम आणि आपला मराठी मुलूख

मॅनरेसानंतर इग्नेशिअस १५२३ साली जेरुसलेमला जाऊन आले. तिशी उलटल्यावर बार्सेलोनात लहान मुलांबरोबर बसून लॅटिन शिकले. अल्काला आणि सालामांका येथे त्यांच्यावर संशय घेऊन त्यांना कैदेतही ठेवण्यात आले. १५२८ साली ते पॅरिसला पोहोचले. तेथे एकाच खोलीत त्यांना दोन सोबती लाभले: नवाराचे फ्रान्सिस झेवियर आणि सव्हॉयचे पीटर फेबर.

हे पीटर फेबर स्वतः पापशंकेने ग्रासलेले होते. इग्नेशिअस यांनी त्यांची थट्टा केली नाही, त्यांना अधिक कठोर तपश्चर्याही सांगितली नाही. त्यांच्या मनाची घडण समजून घेऊन, धीराने, वर्षानुवर्षे त्यांनी त्यांना आधार दिला. हेच फेबर त्या मित्रमंडळातील पहिले धर्मगुरू झाले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे सातही मित्रांनी व्रत घेतले, तेव्हा मिस्सा त्यांनीच अर्पण केला. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

आपल्या अनुभवाचे सार इग्नेशिअस यांनी 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात पापशंकेविषयीच्या टिपणांत मांडले. चालताना गवताच्या दोन काड्यांच्या क्रुसावर नकळत पाय पडला आणि त्यालाच कोणी पाप ठरविले, तर ती निव्वळ चुकीची समजूत होय, असे ते समजावतात. खरी पापशंका त्यानंतर येते, जेव्हा पाप झाले असे वाटते आणि झाले नाही असेही वाटते, आणि मन त्या दोहोंत हेलकावे खाते. शत्रू हळव्या मनाला आणखी हळवे करून मोडू पाहतो, तेव्हा माणसाने उलट दिशेने जाऊन मध्यम मार्गावर स्थिर राहावे, असा त्यांचा उपदेश आहे. हा ग्रंथ १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्य केला. आज मानसोपचारक जे उलट पाऊल शिकवितात, त्याच्याशी या उपदेशाचे नाते सहज दिसते.

२७ सप्टेंबर १५४० रोजी येशूसंघाला पोप महोदयांची मान्यता मिळाली. त्याच वर्षी इग्नेशिअस यांनी आपल्या प्रिय झेवियर यांना पूर्वेकडे धाडले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. दोघा मित्रांची पुन्हा भेट झाली नाही. १५७९ साली आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. संघप्रमुख म्हणून इग्नेशिअस यांनी सदस्यांना प्रकृतीची काळजी घेण्याचा आणि वैद्यांचे ऐकण्याचा आग्रह धरला. ३१ जुलै १५५६ रोजी रोम येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हा संघात सुमारे एक हजार सदस्य होते. १२ मार्च १६२२ रोजी झेवियर यांच्यासह त्यांना संतपद देण्यात आले. मॅनरेसाच्या त्या खोलीत खड्ड्याचा विजय झाला असता, तर यांपैकी काहीच घडले नसते.

आपल्या धर्मग्रामात

पापशंकेने छळलेले संत एकटे इग्नेशिअसच नव्हते. नीतिशास्त्राचे आचार्य संत आल्फोन्सस लिगोरी आणि बालयेशूची संत तेरेजा यांनीही हा छळ सोसला. म्हणून ज्यांच्या घरी असे कोणी आहे, त्यांनी लाजू नये. रुग्णाला रागावू नये, त्याच्या शंकांना दिवसभर उत्तरेही देत बसू नये, कारण प्रत्येक उत्तर त्या चक्राला आणखी एक वळसा देते. पीडिताने एकच पापनिवेदक फादर ठरवावेत, त्यांना आजाराची कल्पना द्यावी आणि त्यांच्या आज्ञेत राहावे. फादरांचा सल्ला आणि डॉक्टरांचा उपचार यांपैकी एकच निवडावा लागत नाही. दोन्ही बरोबर चालावेत.

मदत दूर नाही. पिंपरीतील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय येथे मनोविकार विभाग आहेत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे. इग्नेशिअस यांनी त्या खोलीत हाक मारली होती. हाक मारण्यात कमीपणा नाही.

३१ जुलैला संत इग्नेशिअस यांच्या सणाच्या मिस्साला आपण जाल, तेव्हा सेनापतीसारख्या संताबरोबरच मॅनरेसाच्या खोलीत रडणाऱ्या त्या तरुणाचीही आठवण ठेवा. आपल्या शेजारच्या बाकावर कदाचित तसाच कोणी बसलेला असेल.

संत इग्नेशिअस, आम्हांसाठी विनंती कर.